शिक्का पुसलेला चाकू

मॅकिनॉचा पूल ओलांडून मिशिगनच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलात, शिरलं की रस्त्याच्या कडेला हाताने रंगवलेल्या पाट्या लागतात. सफरचंदं, धुरी दिलेले मासे, जळाऊ लाकूड, आणि मधूनच ‘इस्टेट सेल’. त्या पाटीला मी गाडी वळवणार, हे आमच्या घरात आता सगळ्यांनी धरून चाललंय. ऑक्टोबर होता. मेपलची पानं ओल्या रस्त्याला चिकटली होती, आणि ग्लॅडस्टोनच्या थोडं अलीकडे एका गॅरेजमध्ये कुणा गेलेल्या माणसाचा संसार लांब टेबलांवर मांडून ठेवला होता. गळ, गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचा गिरमिट, लाल-काळ्या चौकटीचे लोकरी शर्ट, कॉफीच्या डब्यांत भरलेले खिळे. टेबलाच्या अगदी टोकाला, मुद्दाम पांढऱ्या रुमालावर ठेवलेला, लखलखणारा एक चाकू.

आकार लांबूनच ओळखू आला. साडेचार इंचांचं रुंद, पोट सुटलेलं पातं, पाठीवर अंगठा टेकवायला खरखरीत खाचा, मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेली. मार्बल्स कंपनीचा वुडक्राफ्ट, शिकारीचा चाकू. आणि तोही जिथे बनला त्या गावापासून काही मैलांवर. मी हात पुढे केला आणि तेवढ्यात टेबलामागची बाई, वय साठीच्या आसपास, कौतुकाने म्हणाली, “डॅडचा आहे. पार काळा पडला होता. माझ्या नवऱ्याने काल बफवर, पॉलिशच्या चाकावर धरला. बघ, आता तोंड दिसतं त्यात.” खरंच दिसत होतं. मुठीलगतच्या सपाट भागावर जिथे कारखान्याचं नाव असायला हवं, तिथे ‘ग्लॅडस्टोन’मधली दोन-तीन अक्षरं बोटाला लागली, डोळ्यांना जेमतेम दिसली. बाकी सगळं गुळगुळीत. पात्याच्या कडा गोलावलेल्या, आणि टोकाशी, जिथे पोलाद सगळ्यात पातळ, तिथे निळसर जांभळी झाक. म्हणजे चाकावर तापून त्या जागचं पाणी, पोलादाचा कडकपणा, उतरलेलं.

मी “सुंदर आहे” म्हटलं आणि चाकू रुमालावर परत ठेवला. मागे नारिंगी टोपीतला एक तरुण मुलगा उभा होता. त्याने तो उचलला, धार अंगठ्याच्या नखावर तिरकी टेकवून पाहिली, “हरीण सोलायला बरा आहे,” असं स्वतःशीच म्हणाला, आणि सांगितलेले पैसे मोजून दिले. बाई एकदम खूश झाली. गाडीत बसल्यावर मला वाईट वाटत राहिलं.

कुणासाठी, ते मात्र ठरेना.

मी शिकार करत नाही. सासरमाहेर दोन्हीकडे मांसाहार होतो, पण कुणी बंदूक हातात धरलेली नाही. मिशिगनला आल्यावर पहिल्या नोव्हेंबरात ऑफिसातले अर्धे लोक अचानक गायब झाले तेव्हा मला कळलं की १५ नोव्हेंबर ही इथली एक तिथीच आहे. बंदुकीने हरणं मारायचा मोसम त्या दिवशी उघडतो, वार कोणताही असो. चाकूंकडे मी वळले ते शेजारच्या आजोबांमुळे. त्यांच्या तळघरातल्या कपाटात वडिलांचे, काकांचे, स्वतःचे चाकू होते, आणि प्रत्येकाची एक लांबलचक गोष्ट. गोष्टींतल्या निम्म्या थापा असाव्यात. पण चाकू बोलतो ते खोटं नसतं, असं ते म्हणायचे, आणि बोलणं ऐकायचं कसं ते त्यांनी मला शिकवलं.

वेबस्टर मार्बल हा मुळात जंगलात फिरून झाडांचं मोजमाप करणारा माणूस. कंबरेला उघडी कुऱ्हाड लावून फिरण्यातला धोका त्याला रोजचा. म्हणून त्याने धारेवर मिटणारं पोलादी झाकण असलेली छोटी कुऱ्हाड काढली, १८९८ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि ग्लॅडस्टोनसारख्या लाकडाच्या धंद्यावर जगणाऱ्या गावात कारखाना उभा राहिला. मग चाकू आले. त्याआधी अमेरिकन शिकाऱ्याच्या कंबरेला बहुतेक करून खाटकाची सुरी किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डहून आलेलं लांबलचक पातं असायचं. शिकारीचा चाकू कसा दिसतो, याचं जे चित्र आज कुणाच्याही डोळ्यांसमोर येतं, त्याचा बराचसा भाग ग्लॅडस्टोनमध्ये ठरला. सगळ्यात जुन्या मालावर ‘एम. एस. ए. कंपनी’ असा ठसा, म्हणजे मार्बल सेफ्टी ॲक्स. १९११ मध्ये कंपनीचं नाव बदललं आणि पुढे नुसतं ‘मार्बल्स’ येऊ लागलं. वुडक्राफ्टवर खाली ‘पेटंट १९१६’ असतं, आणि नवखा माणूस हमखास इथे फसतो. १९१६ हे पेटंटचं साल. तो ठसा पुढे वर्षानुवर्षं मारला गेला. तेव्हा चाकूचं वय काढायचं तर ठशाची मांडणी, मुठीचं बूड शिंगाचं की ॲल्युमिनियमचं, चकत्यांच्या मधे घातलेल्या रंगीत पट्ट्या कोणत्या आणि किती, म्यानाची शिवण कशी, हे सगळं शेजारी शेजारी ठेवून पाहावं लागतं. यातलं एक काही विसंगत निघालं की मन खट्टू होतं, किंवा उलट, गोष्ट रंगायला लागते. कुणीतरी मोडकी मूठ घरी बदलली असेल. कुणीतरी एका चाकूचं म्यान दुसऱ्याला दिलं असेल.

ठसा पाहण्याआधी मात्र मी पात्याची रुंदी पाहते. धार लावून लावून पातं झिजतं. मूळ चाकूत मुठीजवळ, जिथून धार सुरू होते, तिथे धारेची रेघ आणि तिच्यामागचा बिनधारेचा भाग एका ओळीत असतात. झिजलेल्या पात्यात तिथे पायरी पडते, पोट आत जातं, टोक वर उचललेलं दिसायला लागतं. जुन्या कॅटलॉगांची पुनर्मुद्रणं मिळतात, त्यातल्या चित्रावर चाकू ठेवला की गेलेलं पोलाद किती ते सरळ कळतं. संग्राहक अशा चाकूकडे बघत नाहीत. मी बघते. कुठल्याशा माणसाने तेवढी वर्षं दगडावर तो फिरवला, आणि बहुतेक उजव्या हाताने, कारण एक बाजू जास्त घासलेली आहे, हे कळण्यात मला गंमत वाटते.

पण बफ मारलेल्या चाकूत हे काहीच उरत नाही.

आणि तरी त्या बाईवर रागावता येत नाही. मी ज्या घरात वाढले तिथे वस्तूवर माया करणं म्हणजे ती घासणं. गुरुवारी चिंच लावून तांब्याचा गडू असा घासायचा की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. खंडेनवमीला आजी विळी, आडकित्ता, कोयता, किसणी, बाबांचा स्क्रूड्रायव्हरसुद्धा, राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची, आणि त्या दिवशी भाजी चिरायची सोय नसायची. विळीवरचा काळपटपणा म्हणजे घरातल्या बाईचा आळस. त्याला कुणी इतिहास म्हणालं असतं तर आजीने त्याच्याच हातात शेंडी दिली असती. त्या गॅरेजमधल्या बाईनेही वडिलांच्या वस्तूची पूजाच केली होती, बफच्या चाकाने.

पोलादाचं म्हणणं निराळं असतं. जुन्या साध्या कार्बन पोलादावर मांस, रक्त, सफरचंदाचा रस, हाताचा घाम असं काही ना काही लागून हळूहळू राखाडी, निळी, तपकिरी झाक चढते. ती पृष्ठभागाला धरून बसते आणि खालच्या पोलादाला बऱ्यापैकी सांभाळते. लाल गंज ही दुसरीच चीज. तो सुटा असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खड्डे करत जातो. काळं ठेवायचं, लाल काढायचं, एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. लाल काढायला आजोबांनी मला एक युक्ती दिली: पातळ तेलाचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचं, आणि १९८२ पूर्वीच्या एक सेंटच्या नाण्याच्या कडेने तो डाग हलकेच खरवडायचा. त्या नाण्यांत जवळजवळ सगळं तांबं असायचं. तांबं गंजापेक्षा कणखर, पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे डाग निघतो आणि ओरखडा उठत नाही. नंतरची नाणी जस्ताची, वर तांब्याचा नुसता मुलामा. ती या कामाला नकोत. माझ्या शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर अशी जुनी नाणी साठवलेली आहेत.

या छंदात ज्यांची नावं दबक्या आवाजात घेतली जातात ती माणसं मिशिगनच्याच दुसऱ्या टोकाला सापडतात. फ्रूटपोर्ट नावाच्या गावात विल्यम स्केगल एकटाच बसून चाकू बनवायचा. चामड्याच्या चकत्या, पितळ, आणि मुठीच्या शेवटाला शिंगाचा बुंधा. पात्यावर नागमोडी क्रिस खंजिराचा छोटा ठसा. १९३७ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा वॉल्टर रँडल, लोक त्याला बो म्हणत, घरची संत्र्यांची बागायत, इथल्या वलून लेकवर सुट्टीला आला होता. तिथे त्याला एक माणूस होडीचा जुना रंग चाकूने खरवडताना दिसला. एवढी मारामारी करूनही धार जागेवर. तो चाकू स्केगलचा होता. रँडलने तो विकत घेतला, घरी जाऊन तसा एक स्वतः करून पाहिला, आणि ऑर्लँडोमध्ये जे दुकान सुरू झालं ते आजही त्याच कुटुंबाकडे आहे. पुढे रॉबर्ट लव्हलेस नावाचा व्यापारी जहाजांवरचा खलाशी रँडलचा चाकू घ्यायला न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिचमध्ये गेला. तेव्हा ते शिकारीचं सामान विकणारं बडं दुकान होतं. त्याला नऊ महिने थांबायला सांगितलं. त्याला थांबायचं नव्हतं. त्याने मोडीतल्या जुन्या पॅकार्ड गाडीच्या स्प्रिंगचं पोलाद घेऊन स्वतःच चाकू घडवला. पात्याचं टोक पाठीच्या रेषेपेक्षा किंचित खाली आणणारा, हरणाचं पोट उघडताना आतडं न फोडणारा जो आकार आज जगभर चाकूवाले वापरतात, तो रूढ केला या लव्हलेसने.

या सगळ्या साखळीच्या मुळाशी होडीचा रंग खरवडणारा एक बेफिकीर माणूस आहे, हे मला फार आवडतं. आज कुणी स्केगलच्या चाकूने रंग खरवडला तर त्याला घरचे लोक डॉक्टरकडे नेतील. हजारो डॉलरांची वस्तू. कपाटात मखमलीवर पडून असते, आणि तिची ख्याती मात्र अशी की ती कशानेही खराब होत नाही.

रँडलच्या बाबतीत आणखी एक मजा आहे. चाकूवरच्या ‘रँडल मेड, ऑर्लँडो’ ठशापेक्षा कधी कधी म्यानच वय नेमकं सांगतं. जुनी म्यानं डेन्व्हरच्या हायझरकडून यायची, नंतर जॉन्सनची, मग सलिव्हनची. कुणाची शिवण, कुणाचं बटण, मागची बाजू खरखरीत की गुळगुळीत, यावर दशकं लावली जातात. म्हणून म्यान टाकून नुसता चाकू विकायला आणणाऱ्यांना बघून जाणकार हळहळतात. बाकी कारखान्यांची ओळख त्यामानाने सोपी, आणि मला त्यात कमी रस. बोल्डरच्या वेस्टर्न कंपनीची मूठ वरून पाहिली तर पात्याचं शेपूट दुभंगून दोन पट्ट्यांनी मुठीत गेलेलं दिसतं, त्याचं १९३४ चं पेटंट. बक कंपनीने १९८६ पासून वर्षागणिक एक बारीकशी खूण ठेवली, तक्ता घेऊन बसलं की झालं. श्रेडचं एवढंच लक्षात ठेवायचं की न्यूयॉर्कमधल्या एलनव्हिलचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला. नाव विकलं गेलं आणि नंतरचा माल चीनमधून यायला लागला. त्यामुळे ठशात ‘यू.एस.ए.’ आहे ना, हे आधी बघायचं.

शिंगाच्या मुठींवर मात्र मी रेंगाळते. पहिल्यांदा एका जुन्या अमेरिकन चाकूची शिंगाची मूठ हातात घेतली तेव्हा मी आजोबांना विचारलं, हे मिशिगनच्या हरणाचं का? ते हसले. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं शिंग आतून भुसभुशीत, खिळा मारला की तडकतं. चांगल्या मुठींचं शिंग तुझ्याकडून आलंय, म्हणाले. सांबराचं. सांबराच्या शिंगात भरीव भाग जाड आणि गाभा छोटा, वरच्या खोबणी खोल, रंग मधाळ तपकिरी, त्यामुळे शेफील्डपासून अमेरिकेपर्यंत चाकूवाल्यांना तेच हवं असायचं. सांबर दर वर्षी शिंगं टाकतं, जंगलातली माणसं ती वेचून आणत, आणि ती पोत्यांनी समुद्रापार जात. पुढे भारताने ही निर्यात बंद केली आणि इकडे जुन्या साठ्याला सोन्याचा भाव आला. मेळघाटच्या सहलीत आम्ही पहाटे तळ्याकाठी सांबर पाहिलं होतं. कान हलवत उभं, पाठीवर कुठलासा पक्षी. त्यापलीकडे मला त्याच्याविषयी काही माहीत नव्हतं. आता मिशिगनच्या तळघरात, बाहेर बर्फ पडत असताना, माझ्या तळहातात त्याचं शिंग होतं, कुणा परक्या माणसाच्या अंगठ्याने एका जागी गुळगुळीत झालेलं. त्यातून आलेली हुरहूर घरच्या आठवणीची होती की शरमेची, कोण जाणे. वेचणाऱ्याला त्याचे किती पैसे मिळाले असतील, हा विचार मात्र लगेच आला आणि नंतर प्रत्येक शिंगाच्या मुठीबरोबर येत राहिला.

तर, सांभाळायचं कसं. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ज्याला आपण रक्षक समजतो ते म्यान. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात राहतात, वर ते हवेतली ओल शोषतं, आणि पात्याला महिनोन् महिने चिकटून बसतं. बटणं आणि रिव्हेटं पितळेची, चामड्यात तेल आणि चरबी, या दोघांचं मिळून हिरवं, चिकट कळक तयार होतं, ते पोलादावरही उतरतं. म्हणून चाकू बाहेर, म्यान शेजारी, दोघांना एकच चिठ्ठी बांधलेली. पातं हाताळल्यावर पुसायचं, कारण बोटांच्या ठशांत मीठ असतं आणि आठवड्याभरात तो ठसा पोलादावर कायमचा उमटतो. मी त्यासाठी आईच्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे वापरते. इथल्या दुकानात तितकं मऊ कापड मिळत नाही. मग पातळ खनिज तेल, अगदी पुसटसं, किंवा रेनेसान्स मेणाचा एक हात. हे मेण मुळात ब्रिटिश म्युझियमसाठी तयार झालेलं आहे, आणि एक छोटा डबा वर्षानुवर्षं पुरतो. खायचं तेल लावू नका, ते काही महिन्यांत घट्ट आणि पिवळं होतं.

चामड्याच्या मुठीला तेल पाजायचा मोह होतो, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा भट्टीच्या गरम हवेने घरातली हवा कोरडी ठणठणीत होते, चकत्या आकसतात आणि मूठ खुळखुळायला लागते. तरी पाजू नये. चामडं फुगतं, मऊ पडतं, काळं होतं आणि परत पूर्वीसारखं होत नाही. वरून मेण, बस्स. म्यानाचंही तेच. नीट्सफूट तेलाने, म्हणजे चामड्याला लावायच्या तेलाने, न्हाऊ घातलेलं म्यान इतकं लिबलिबीत होतं की चाकू त्यात उभा राहत नाही. उन्हाळ्यात तळघर दमट, तेव्हा हवा कोरडी करणारं यंत्र लावायचं, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. कोकणात पावसाळ्यात कोयत्यावर एका रात्रीत तांबूस लव येते ती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. एक गोष्ट मात्र मला इथेच कळली. सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू इतरांपासून लांब ठेवायचा. तो जुना प्लास्टिकचा प्रकार कुजायला लागला की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि त्या डब्यातले सगळे शेजारी गंजतात.

एवढं सगळं करताना मला कधी कधी स्वतःचं हसू येतं. मी या वस्तूंचं कामच काढून घेतलंय. त्या नारिंगी टोपीवाल्या मुलाकडे असलेला बफ मारलेला वुडक्राफ्ट टोकाशी थोडा बोथट राहील, पण उरलेल्या धारेने हरीण सोललं जाईल, आणि त्या पात्यावर पुन्हा काळपट झाक चढायला सुरुवात होईल. माझ्याकडच्यांवर काहीच चढणार नाही.

शेजारच्या आजोबांना हा प्रश्न पडत नाही. त्यांचा वडिलांकडून आलेला वुडक्राफ्ट अजून दर १५ नोव्हेंबरला जंगलात जातो. त्यावरचा ठसा शाबूत आहे, पातं काळंभोर, म्यानाच्या मागे वडिलांनी खिळ्याने कोरलेली आद्याक्षरं, ज्यामुळे बाजारात त्याची किंमत उतरते आणि माझ्या नजरेत चढते. त्या म्यानाच्या तळाशी हरणाचे केस आणि घट्ट झालेली चरबी आहे. डिसेंबरात ते चाकू माझ्याकडे घेऊन येतात, आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरतो, आणि तेच भांडण होतं. बटणाखालच्या त्याच जागी पात्यावर हिरवा-तांबूस ठिपका आलेला असतो. मी नाणं घेऊन तो काढते आणि सांगते की अकरा महिने तरी चाकू म्यानाबाहेर ठेवा. ते चहात तिसरा चमचा साखर घालतात आणि सांगतात की तो बाहेर ठेवला तर मोसमाच्या पहाटे चार वाजता, अंधारात, कॉफी न घेता, ते नुसतं रिकामं म्यान पट्ट्याला अडकवून निघतील, आणि मग हरीण काय माझ्या नाण्याने सोलायचं का?